हात थकले की स्टिअरिंग?

कोल्हापूरहून परतताना आंबा घाट उतरू लागला की गाडीच्या स्टिअरिंगची खरी परीक्षा सुरू होते. रत्नागिरीतील एक निवृत्त गृहस्थ, वय अडुसष्ट, गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आपल्या २००६ सालच्या छोट्या मोटारीने हा घाट उतरत होते. एका तीव्र वळणावर त्यांना दोन्ही हातांनी जोर लावून चाक फिरवावे लागले. वळण संपताच एरवी आपोआप सरळ होणारे स्टिअरिंग तसेच वळलेले राहिले, आणि गाडी समोरून चढणाऱ्या एस.टी.च्या बाजूला झुकली. अघटित काही घडले नाही. शेजारी बसलेल्या पत्नी साखरपा येईपर्यंत एक शब्दही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर गृहस्थ एवढेच म्हणाले, "हात आता पूर्वीसारखे राहिले नाहीत." पुण्याच्या चिरंजीवांचा फोनवरचा सल्ला तयारच होता, "बाबा, गाडी विकून टाका."

असे निर्णय अनेक घरांत होतात, आणि त्यांतील काही तरी चुकीच्या निदानावर होत असावेत. स्टिअरिंग एका दिवसात जड होत नाही. ते महिनोन्महिने कणाकणाने जड होत जाते, हात त्याला सरावतात, आणि एके दिवशी दोष यंत्राचा असूनही माणूस स्वतःच्या वयाकडे बोट दाखवतो. चिरंजीव दिवाळीत येऊन एकदा गाडी चालवते, तर पहिल्याच वळणावर त्यांच्या ध्यानात आले असते.

पॉवर स्टिअरिंग ही कल्पना तशी जुनी आहे. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने १९२६ मध्ये ती मोटारीवर चालवून दाखवली होती. विक्रीच्या मोटारीत मात्र ती १९५१ साली, क्रायस्लरच्या इम्पीरियल गाडीतून आली. आपल्याकडे अँबॅसडर आणि पद्मिनीच्या काळात बहुतेक चालक खांद्याच्या बळावरच गाडी वळवत. जुन्या पद्धतीच्या हायड्रॉलिक रचनेत इंजिनावरचा पट्टा एक पंप फिरवतो, पंप तेलाला दाब देतो आणि तो दाब रॅकला ढकलण्यास हातभार लावतो. नव्या पद्धतीत हेच काम विजेची छोटी मोटर करते. दोन्हींत चाकाशी असलेला लोखंडी सांधा कायम असतो. मदत बंद पडली तरी गाडी वळते, फक्त बळ अधिक लागते.

या गृहस्थांना पहिल्या गॅरेजमध्ये, बॉनेट उघडून दोन मिनिटे पाहिल्यावर, "रॅक बदलावा लागेल" असे सांगण्यात आले. खर्च जवळजवळ दोन महिन्यांच्या पेन्शनइतका होता. जमाखर्च जुळला नाही म्हणून कोणी सारी खातेवही नव्याने लिहीत नाही. आधी बेरजा तपासतात. गृहस्थांनी विचार करून सांगतो म्हटले आणि ते एका जुन्या मिस्त्रींकडे गेले.

मिस्त्रींनी बॉनेटला हात लावण्यापूर्वी प्रश्न विचारले. "काका, उभ्या गाडीतच जड लागतंय की धावतानाही? दोन्ही बाजूंना सारखंच का? ॲक्सिलरेटर दाबल्यावर हलकं होतं का?" या तीन उत्तरांत अर्धे निदान असते. इंजिन मंद चालताना जड आणि वेग वाढवताच हलके होत असेल तर संशय पंपावर किंवा सैल पट्ट्यावर जातो. पूर्ण वळवताना किंचाळल्यासारखा आवाज येत असेल तर पट्टा घसरतो आहे. कण्हल्यासारखा आवाज आणि टाकीतील तेलाला फेस असेल तर तेल कमी होऊन आत हवा शिरली आहे. एकाच बाजूला जड असेल तर रॅकमधील झडप, एका बाजूचे सांधे किंवा एकाच टायरमधली कमी हवा पाहावी लागते. येथे उत्तर वेगळे होते: दोन्ही बाजूंना जड, धावतानाही जड, आणि ॲक्सिलरेटर दाबून फरक शून्य.

मग टायर तपासले. पुढच्या दोन्ही टायरांत तीसऐवजी बावीस पौंड हवा निघाली. हवा भरल्यावर उभ्या गाडीतला जडपणा बराच उतरला. पुष्कळ लोक येथेच समाधान मानून घरी गेले असते. पण वळणानंतर स्टिअरिंग अजूनही सरळ येत नव्हते. घाटात घाबरवले होते ते याच लक्षणाने, आणि ते हवेने गेले नव्हते.

तेलाची पातळी खुणेपर्यंत होती, रंग काळवंडला नव्हता, जळका वास नव्हता. रॅकच्या टोकांवरचे रबरी बूट दाबून पाहिले. आत तेल साचलेले नव्हते, म्हणजे रॅक गळत नव्हता. कमी झालेल्या तेलात हाताशी येईल ते ओतणे मात्र महागात पडते. काही गाड्यांना गिअरबॉक्सचे एटीएफ चालते, काहींना कंपनीचे विशिष्ट तेलच लागते. गाडीची पुस्तिका सांगेल तेच खरे.

त्यानंतर मिस्त्रींनी पुढची दोन्ही चाके उचलून गाडी स्टँडवर घेतली. नुसत्या जॅकवर नव्हे, हे मुद्दाम नोंदवण्याजोगे. इंजिन बंद ठेवून त्यांनी स्टिअरिंग सावकाश फिरवले. चाके जमिनीवर नसताना टायरचे घर्षण उरत नाही, पंपही थांबलेला असतो. तरी अडकत असेल तर दोष लोखंडाच्या सांध्यांत असतो. तेलाचा थोडा विरोध जाणवतो, पण तो सर्वत्र सारखा हवा. येथे एका पूर्ण फेऱ्यात दोनदा घट्ट आणि दोनदा सैल लागत होते. मिस्त्री खाली वाकले. पायाच्या पेडलांपलीकडून इंजिनाच्या बाजूला जाणाऱ्या दांड्याचा क्रॉस गंजून धरला होता. दांडा सोडवल्यावर वरचा भाग मोकळा फिरला, खालचा रॅकही मोकळा फिरला. वाकत नव्हता तो क्रॉस. शॉकअपवरचे बेअरिंग धरले असते तर स्प्रिंग उडाल्यासारखा आवाज झाला असता.

रत्नागिरीत याचे नवल वाटू नये. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, त्यात समुद्राची खारी हवा, आणि निवृत्तीनंतर आठवड्यातून एकदा बाजारापुरती बाहेर निघणारी गाडी. धावणाऱ्या गाडीपेक्षा उभी गाडी येथे लवकर गंजते. विजेच्या स्टिअरिंगवाल्यांनीही निश्चिंत राहू नये. त्यांच्याकडे हीच खारी हवा बॅटरीचे टोक आणि अर्थिंगची तार खाते. चावी फिरवताच डॅशबोर्डवर लागणारा स्टिअरिंगचा दिवा इंजिन सुरू झाल्यावर विझला नाही, तर आधी बॅटरी, अल्टरनेटर आणि फ्यूज पाहावेत.

मिस्त्रींनी दोन गोष्टी बजावल्या. स्टिअरिंग अचानक जड झाले आणि बॅटरीचा लाल दिवाही लागला, तर पट्टा तुटल्याची शक्यता धरून गाडी तत्काळ बाजूला घ्यावी. अनेक गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो आणि इंजिन तापून बसते. दुसरी गोष्ट उतारावर इंजिन बंद करण्याच्या सवयीची. डिझेल वाचवण्यासाठी घाटात ही युक्ती करणारे अजून भेटतात. इंजिन थांबताच स्टिअरिंगची मदत जाते, ब्रेकची मदत एकदोनदा दाबण्यापुरती उरते आणि चावी काढली तर स्टिअरिंगच कुलूपबंद होते. चार रुपयांची ही बचत कुठल्या हिशेबात बसते, हे करणाऱ्यालाच ठाऊक.

नवा क्रॉस दुसऱ्या दिवशी आला. बसवण्यापूर्वी दांड्यावर जुन्या जागेची खूण केली होती, त्यामुळे स्टिअरिंग सरळच राहिले. खर्च रॅकच्या दहाव्या भागाहून कमी आला. गंजलेल्या क्रॉसवर तेल मारूनही काही दिवस निभले असते, पण घाटातून जाणाऱ्या गाडीसाठी मिस्त्रींनी तो मार्ग साफ नाकारला.

गृहस्थांनी भाट्ये पुलावरून पावसपर्यंत एक फेरी मारली. वळण संपताच चाक हातातून सरकत आपोआप सरळ झाले. परतल्यावर त्यांनी डायरीत तारीख, किलोमीटर आणि सुट्या भागाची किंमत लिहिली. चिरंजीवांचा फोन आला तेव्हा तो पत्नींनीच घेतला. "गाडी विकायची नाही," त्या म्हणाल्या, "आणि पुढच्या महिन्यात आम्ही कोल्हापूरला जातोय."