लिव्हर झिजू द्या, शाफ्ट वाचवा

मंडळी, आजचा विषय जरा काळ्या हातांचा आहे. जुन्या मोटारसायकलचा ढिला झालेला गिअर लिव्हर. यात लिहिण्यासारखं काय आहे, असं काही जणांना वाटेल. पण ज्यांच्या घरी पंधरा-वीस वर्षांची गाडी अजून रोज रस्त्यावर जाते, त्यांना तरी वाटणार नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गिअर लिव्हर हलायला लागला की महिन्या-महिन्याने बोल्ट आवळत बसू नये, आणि काहीही झालं तरी तो शाफ्टला वेल्डिंग करून घेऊ नये. दाते झिजले असतील तर लिव्हर बदलावा. स्वस्त वस्तू वेळेवर टाकली की महाग वस्तू वाचते, एवढंच साधं गणित आहे. आणि नेमकं हेच आपल्याकडे उलटं मांडलं जातं.

आधी रचना समजून घेऊ. इंजिनच्या बाजूने करंगळीएवढ्या जाड शाफ्टचं टोक बाहेर आलेलं असतं. त्यावर सभोवार बारीक दाते कोरलेले असतात. लिव्हरच्या भोकातही आतून तसेच दाते असतात. दात्यात दाता बसतो. लिव्हरच्या त्या डोळ्याला एका बाजूने चीर दिलेली असते आणि चिरेच्या दोन्ही ओठांतून एक बोल्ट आडवा जातो. बोल्ट आवळला की चीर मिटत येते आणि डोळा शाफ्टला घट्ट मिठी मारतो. बस्स. एवढंच.

आता लोकांचा गैरसमज इथे होतो. त्यांना वाटतं, पायाचा जोर बोल्ट पेलतो. तसं नाही. जोर दाते पेलतात. बोल्टचं काम फक्त दात्यांना एकमेकांपासून हलू न देणं. बोल्ट जरा सैल झाला की प्रत्येक गिअरला दाते एकमेकांवर बारीक ठोका मारतात. शहरातल्या रहदारीत दिवसाला दोनशे वेळा गिअर बदलला असं धरा (धरायला हरकत नाही, एका सिग्नललाच सात-आठ वेळा होतो), आणि वर्षाचे ३०० दिवस. झाले ६०,००० ठोके! लोखंड झालं म्हणून काय झालं?

त्यात आपल्याकडे पुढे-मागे दोन पाय असलेला लिव्हर जास्त. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ साली स्प्लेंडर आली, आणि तो लिव्हर घरोघरी पोचला. पुढे दाबून गिअर चढवायचे, टाचेने उतरवायचे. चप्पल घालून गाडी चालवणाऱ्या आपल्या देशाला फार सोयीचा. पण चवड्याने दाबणं वेगळं आणि टाचेने दाबणं वेगळं. टाचेमागे अंगाचा भार येतो. तो सगळा त्या एवढ्याशा डोळ्यातल्या दात्यांवर.

बहुतेक गाड्यांत शाफ्ट कडक पोलादाचा असतो आणि लिव्हर त्या मानाने मऊ. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. दोन वस्तू एकमेकींवर घासणार असतील तर झिजायची कोणी? जी बदलायला सोपी आहे तिने. लिव्हर काढायला एक दहा नंबरचा पाना आणि पाच मिनिटं पुरतात. शाफ्ट बदलायचा तर ऑइल काढा, क्लचकडचं झाकण उघडा, क्लच उतरवा, नवं पॅकिंग टाका. काही गाड्यांत तर सगळं इंजिनच फोडावं लागतं. म्हणजे लिव्हर हा झिजण्यासाठीच ठेवलेला आहे. त्याला झिजू द्यावं आणि वेळेवर निरोप द्यावा.

आता निदान. गाडी स्टँडवर, इंजिन बंद. एका हाताने लिव्हर वर-खाली हलवा आणि नजर शाफ्टच्या टोकावर ठेवा. लिव्हर हलतो आणि टोक स्थिर आहे, म्हणजे दोष डोळ्यात किंवा बोल्टमध्ये. दोन्ही बरोबर हलत असतील तर थोडी हालचाल नैसर्गिकच असते. पण शाफ्टच वर-खाली किंवा आजूबाजूला डुगडुगत असेल, तर आतलं काम आहे, जाणकाराला दाखवा. मग बोल्टकडचं चिरेचं तोंड बघा. चीर पूर्ण मिटली असेल, ओठाला ओठ लागला असेल आणि तरी लिव्हर हलत असेल, तर त्या बोल्टकडे द्यायला आता काही उरलेलं नाही. तिथे जोर लावाल तर आटे जातील, नाही तर बोल्टच तुटेल.

चीर अजून उघडी असेल तर दुरुस्तीला जागा आहे. बोल्ट नुसता आवळू नका, पूर्ण काढा. बऱ्याच गाड्यांत तो शाफ्टच्या खाचेतून जातो, त्यामुळे तो काढल्याशिवाय लिव्हर निघतच नाही; हातोडी मारायची गरज नाही. काढण्याआधी लिव्हर आणि शाफ्ट दोन्हींवर समोरासमोर एक ठिपका करून ठेवा. एक दाता इकडेतिकडे झाला तरी पायाला लगेच कळतं. दात्यांतला चिखल आणि जुनं ग्रीस दात घासायच्या जुन्या ब्रशने, थोड्या रॉकेलने साफ करा. मग डोळ्यात बघा. दाते टोकदार आणि उभे आहेत का? की त्यांच्या टेकड्या झाल्या आहेत? टेकड्या झाल्या असतील तर नवा लिव्हर आणा. दाते चांगले असतील तर नवा बोल्ट घाला. हा बोल्ट मिळेल तो नको; डोक्यावर ८.८ असा आकडा असलेला मागा. पहिला आठ त्याची ताण सोसायची ताकद सांगतो, दुसरा आठ सांगतो की त्या ताकदीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत तो कायमचा ताणला जाणार नाही. मऊ बोल्ट आवळला की लांबतो, आणि आपण म्हणतो 'पुन्हा ढिला झाला'.

सहा मिलिमीटरच्या अशा बोल्टला साधारण १० ते १२ न्यूटन-मीटर आवळणी पुरते. म्हणजे दहा सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला दहा-बारा किलोचा जोर. हातभर पाइप लावून लोंबकळायचं काही कारण नाही. आट्यांना निळ्या रंगाचं लॉकिंग द्रव्य एक थेंब लावलं तर उत्तम. १९५३ साली व्हर्नन क्रीबल नावाच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने हे हवेविना घट्ट होणारं द्रव्य तयार केलं. हवेत ते पातळच राहतं. दोन धातूंच्या फटीत, जिथे हवा पोचत नाही, तिथे गेलं की कडक होतं. मास्तर माणसाचा शोध, म्हणून मला जरा जास्त कौतुक! मात्र ते आट्यांसाठी आहे. गेलेले दाते त्याने परत येत नाहीत.

आता वेल्डिंगबद्दल. नात्यातला एक मुलगा घाटाखालच्या गावांतून दूध गोळा करून वर आणतो (तुमच्यापैकी काहींना कोण ते कळेल, नाव लिहीत नाही). त्याचा लिव्हर हलत होता. रस्त्याकडेच्या एका टपरीवर त्याने दोन टाके मारून घेतले. लिव्हर दगडासारखा घट्ट झाला. तो खूश, टपरीवाला खूश. काही महिन्यांनी लिव्हरच्या मागून ऑइल ठिबकायला लागलं. तिथे रबराचं सील असतं, आणि वेल्डिंगची आच त्याला सोसत नाही. सील बदलायचं तर लिव्हर काढायला हवा, आणि लिव्हर तर शाफ्टशी एकजीव झालेला. ग्राइंडरने कापताना शाफ्टचं टोकही गेलं. मग नवा शाफ्ट, नवं सील, पॅकिंग, ऑइल, मजुरी. त्याहून वाईट म्हणजे तीन दिवस गाडी उभी. दूध काही तीन दिवस थांबत नाही. त्याने भाड्याचा टेंपो केला आणि त्या महिन्याची कमाई टेंपोवाल्याला दिली.

पुढच्या चेनच्या चक्राचं झाकणही बहुतेक गाड्यांत लिव्हर काढल्याशिवाय निघत नाही. चेन-चक्राचा संच तर कधी ना कधी बदलावाच लागतो. म्हणजे वेल्डिंग करणारा माणूस पुढच्या प्रत्येक कामाचं दार आज बंद करून ठेवतो.

यावर लोक म्हणतील, "मास्तर, ज्याची रोजची भाकरी गाडीवर आहे तो नवा लिव्हर शोधत कुठे फिरेल?" रास्त आहे. घरी पोचण्यापुरती डब्याच्या पत्र्याची पातळ पट्टी दात्यांत घालून बोल्ट आवळला तर मी नाव ठेवणार नाही. पण ती पट्टी घरी पोचण्यासाठी आहे, दिवाळीपर्यंत चालवण्यासाठी नाही. आणि ज्या गाडीचा लिव्हर मिळतच नाही, तिचं काय? येझदीसारख्या गाडीत तर किक आणि गिअर एकाच दांड्यावर. जुनी बुलेट घ्या, गिअर उजव्या पायाला. दुसऱ्या कुठल्या गाडीचा लिव्हर तिथे चालत नाही. अशा वेळी लिव्हर गाडीवरून उतरवून लेथवाल्याकडे न्यावा. तो झिजलेला डोळा कापून नव्या दात्यांचा डोळा जोडून देतो. वेल्डिंगला माझा विरोध नाही. वेल्डिंग लिव्हरला करा, गाडीला करू नका.

हल्ली 'जुगाड' या शब्दाचं फार कौतुक चालतं. भाषणांत, पुस्तकांत, सगळीकडे. अडचणीतून वाट काढणं मोठं खरंच. पण वाट काढणं आणि अडचण पुढच्याच्या दारात नेऊन ठेवणं, यात फरक आहे. माझी कसोटी सोपी आहे. केलेलं काम पुन्हा उलगडता येतं का? येत असेल तर ती दुरुस्ती. येत नसेल तर ती दुरुस्ती नव्हे, उधारी. आणि मेकॅनिकला एकट्याला दोष देऊ नका. "स्वस्तात करा, आत्ताच करा" असं आपण गिऱ्हाईकच त्याला सांगतो.

हे सगळं पैशांपुरतं असतं तर इतकं लिहिलंही नसतं. घाट उतरताना दुधाचे कॅन लादलेली गाडी वरच्या गिअरवर आहे, टाच मारली आणि लिव्हर जागच्या जागी फिरला, तर इंजिनचा रोध मिळत नाही. सगळा भार ब्रेकवर येतो, आणि तापलेला ब्रेक उतारावर किती साथ देईल याचा भरवसा नाही. काही शे रुपयांच्या लिव्हरवर तेव्हा काय टांगलेलं असतं, ते घरी वाट बघणाऱ्यांना विचारा.

तेव्हा येत्या रविवारी चहा झाला की गाडीपाशी बसा. लिव्हर हलवा, नजर शाफ्टच्या टोकावर. पाच मिनिटांचं काम आहे. भाचे, पुतणे, नातवंडं जवळ असतील तर त्यांनाही बोलवा आणि पाना त्यांच्याच हातात द्या.