जाळी आणि भिंत

गृहनिर्माण संस्थांच्या कार्यकारी समित्यांस एक विचित्र भ्रम जडलेला दिसतो: सभासदाच्या गॅलरीला लागणारी डांसांची जाळी म्हणजे जणूं इमारतीवर आलेलें अरिष्टच! अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतो आणि अखेर उत्तर येतें तें एकाच शब्दाचें, 'नामंजूर'. कारण विचारावें, तर म्हणे इमारतीची शोभा जाते! ह्या वृत्तीचा आम्ही निषेध करितों.

आमच्या कुहीस ओसरीला तट्टा बांधावयाचा किंवा जाळी ठोकावयाची तर कोणी कोणाकडे अर्ज करीत नाहीं. मुलें नागपुरास सदनिकांत राहूं लागलीं, ओसरीची जागा गॅलरीनें घेतली आणि घराचा धनी अर्जदार बनला. एका छपराखालीं राहणाऱ्यांस सामायिक नियम हवेत, हें आम्हांस मान्य आहे. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखालील आदर्श उपविधींनीं सदनिकेंतील फेरबदलांस समितीची पूर्वसंमति आवश्यक ठरविली, ती योग्यच होय. कोणी गॅलरी विटांनीं बुजवून खोली करितो व इमारतीवर भार वाढवितो; कोणी लोखंडी गजांचा पिंजरा ठोकून आगीच्या वेळची सुटकेची वाट बंद करितो. अशांस अडविलेंच पाहिजे. परंतु जाळी म्हणजे भिंत नव्हे. तिचा भार नगण्य, तींतून वारा खेळतो आणि ती हवी तेव्हां काढतां येते.

'मच्छरदाणी लावा' असें कांहीं चिटणीस सुचवितात. डेंग्यूचा डांस मुख्यतः दिवसां चावतो. दिवसभर मच्छरदाणींत कोण बसून राहील? १८९७ सालीं सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस ह्यांनीं डांसाच्या पोटांत हिवतापाचे जंतु पाहिले. पुढें १९०० सालीं सॅम्बन व लो हे डॉक्टर रोमजवळच्या दलदलीच्या प्रदेशांत, ऐन तापाच्या मोसमांत, सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत जाळीबंद झोपडींत राहिले आणि हिवतापापासून मुक्त राहिले. सव्वाशें वर्षांपूर्वीं सिद्ध झालेल्या उपायास आज शोभेसाठीं नकार मिळावा काय?

समितीनें जाळीचा एक रंग व एक चौकट ठरवून द्यावी, ती आंतून उघडतां यावी अशी अट घालावी आणि ठराविक मुदतींत लेखी, सकारण उत्तर द्यावें. सभासदानेंही अर्जासोबत मोजमाप व आराखडा जोडावा. इतकेंही होत नसेल तर सहकार न्यायालय आहेच. परंतु एका जाळीपायीं शेजाऱ्यानें शेजाऱ्यास कोर्टांत खेंचावें, ही सहकाराची कोणती शोभा?