‘अब्बू, हाच निघणार!’

मागच्या अंकात सिनेमाबद्दल काहीच लिहिलं नाही म्हणून दोघा-तिघांनी दुकानात येऊन विचारलं. कारण साधं होतं. रब्बीच्या पाण्याच्या पाळ्या सुरू झाल्या की आमच्या धंद्याची धांदल उडते. सबमर्सिबल मोटारी जळतात, शेतकरी रात्री नऊलाही शटर वाजवतो आणि वायंडिंग भरता भरता घरच्यांसोबत बसणं राहून जातं. आता जरा निवांत झालो आहे. आमची शुक्रवारची बैठक पुन्हा सुरू झाली.

नव्या वाचकांसाठी सांगतो. इशाची नमाज, जेवण, आणि मग घरातले सगळे एका टीव्हीसमोर. अम्मी पलंगावर, बेगम भिंतीला टेकून, धाकटी तिच्या मांडीवर आणि नववीतला मुलगा रिमोट घेऊन सगळ्यात पुढं. मारधाडीचे आणि खून-तपासाचे सिनेमे आमच्या घरात सगळ्यांना आवडतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. अम्मी तेवढी दर वेळी बसताना विचारते, “क्या देख रै तुम लोगां?” आणि मग शेवटपर्यंत उठत नाही.

मुलाचा एक खेळ आहे. सिनेमा सुरू होऊन पंधरा-वीस मिनिटं झाली की तो जाहीर करतो, “अब्बू, हाच निघणार!” म्हणजे खुनी कोण, गद्दार कोण, बॉम्ब कुणी ठेवला ते. पोरगा बहुतेक वेळा बरोबर निघतो. मला कौतुक वाटायचं. वाटायचं, डोकं चालतं याचं, लातूरला क्लासला घालावं. परवा सहज विचारलं, “तू ओळखतोस कसं रे?” तो म्हणाला, “सोप्पं आहे. नाव आपल्यासारखं असलं, डोळ्यात सुरमा असला आणि पहिल्याच सीनमध्ये चांगला वागत असला, की तोच.”

बेगम हसली. मलाही हसू आलं. धाकटी मात्र म्हणाली, “पण मामूंच्या डोळ्यात पण सुरमा असतो.” त्यानंतर त्या रात्री सिनेमात माझं लक्ष लागलं नाही.

तर या महिन्यात काय पाहिलं ते सांगतो, म्हणजे मुलाचं हे शास्त्र कुठं टिकलं आणि कुठं तुटलं तेही येईल.

आधी आपल्या घरचा माणूस. ‘रेड २’ मे २०२५ मध्ये आला, आम्ही आत्ता पाहिला. अजय देवगण आयकर अधिकारी अमय पटनाईक, आणि समोर बाभळगावचे रितेश देशमुख. लातूर जिल्ह्यातल्या माणसाला रितेशला खलनायक बघताना वेगळीच गंमत येते. आमच्याकडे तर बेगमनं आधीच जाहीर केलं की तो वाईट असला तरी आपण त्याच्याच बाजूनं. हा दादाभाई आईचा लाडका, गोरगरिबांचा वाली आणि आतून पोखरलेला. रितेशला हे जमतं. २०१४ साली जूनअखेर ‘एक व्हिलन’मध्ये तो बायकांचे खून करणारा गप्प गप्प नवरा होता आणि दोनच आठवड्यांनी ‘लय भारी’त माउली होऊन आला. दोन्ही भूमिका लोकांनी उचलून धरल्या. ‘रेड २’मध्ये मात्र छापा घालणाऱ्यापेक्षा छापा पडणारा जास्त लक्षात राहतो, आणि उत्तरार्धात पैसे कुठं लपवलेत याचं कोडं ओढूनताणून लांबवलंय. घरात सगळ्यांसोबत बघायला हरकत नाही. एखादं गाणं पुढं ढकला.

‘किल’ लहान मुलांसमोर चुकूनही लावू नका. निखिल नागेश भट यांचा २०२४ सालचा सिनेमा, जवळजवळ सगळा दिल्लीकडे निघालेल्या रेल्वेच्या डब्यात घडतो. एक कमांडो आणि गाडीत शिरलेले दरोडेखोर. रक्तपात इतका की मी एकट्यानं पाहिला तरी मध्ये उठून पाणी पिऊन आलो. पण एक गोष्ट मनात राहिली. ते दरोडेखोर सगळे एकमेकांचे नातलग आहेत. कुणाचा मुलगा मरतो, कुणाचा भाऊ मरतो, आणि ते मढ्याजवळ बसून रडतात. आपल्या सिनेमात गुंड मेला की तो तिथंच पडून राहतो, पुढं त्याचं कुणी विचारत नाही. इथं मयत ही मयत आहे. राघव जुयालनं दरोडेखोर फनी फार चांगला केला आहे.

आता ‘धुरंधर’. गेल्या डिसेंबरात तो आला आणि आमच्या पिंपळफाट्यापासून लातूरच्या लग्नाच्या हॉलपर्यंत एकच गाणं वाजायला लागलं. अक्षय खन्नाच्या एंट्रीचं, ते बहारीनच्या गायकाचं अरबी रॅप. सिनेमा फक्त प्रौढांसाठी, त्यामुळे मुलाला नेता आलं नाही आणि तो आठवडाभर रुसला. मी लातूरला जाऊन पाहिला. साडेतीन तास. कराचीतला ल्यारी भाग, तिथल्या टोळ्या, त्यात घुसलेला आपला हेर. दिग्दर्शक आदित्य धर यांना सिनेमा बांधता येतो, यात शंका नाही. खुर्चीवरून हलू देत नाहीत.

माझी तक्रार वेगळी आहे. मी मोटार उघडतो तेव्हा आधी बघतो की मूळ वायंडिंग कुठलं आणि कुणी नंतर भरलेलं कुठलं. रंगावरून, वार्निशवरून कळतं. या सिनेमात तसं कळत नाही. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यातली खरी ध्वनिमुद्रणं ऐकवायची आणि लगेच पुढं लेखकानं रचलेला प्रसंग त्याच ताकदीनं दाखवायचा. बघणारा पोरगा दोन्ही खरंच म्हणून घरी घेऊन जातो. काल्पनिक गोष्ट सांगायला माझी ना नाही. पण जोड दिली तर जोड दिसू द्यावी.

आणि गंमत बघा. गेल्या महिन्यात एका लग्नात सगळ्या जातीधर्माची पोरं त्याच गाण्यावर हात पसरून नाचत होती. पडद्यावरचा तो रहमान डकैत खुनी आहे, क्रूर आहे, तरी नाचताना सगळ्यांना रहमानच व्हायचं होतं. आमचे चिरंजीवही त्यात. अक्षय खन्ना या माणसानं मुलाचं शास्त्र पार गोंधळात टाकलं.

पुढच्या शुक्रवारी मी मुद्दाम जुना सिनेमा लावला. ‘खाकी’, राजकुमार संतोषींचा, २००४ चा. डॉ. इक्बाल अन्सारी नावाचा एक आरोपी, दहशतवादी म्हणून पकडलेला, त्याला चंदनगडहून मुंबईला न्यायचं आहे. अमिताभ, अक्षय कुमार, तुषार कपूर अशी पोलिसांची तुकडी. अन्सारीची भूमिका आपल्या अतुल कुलकर्णींची. दहाव्या मिनिटाला मुलगा म्हणाला, “हा तर आहेच. यात काय ओळखायचं?” मी गप्प. अन्सारी बेड्यांत बसलेला, फार बोलत नाही, पोलीस त्याला टाकून बोलतात. मुलगा मध्येच जांभई देत होता. आणि मग मध्यावर सत्य बाहेर येतं, की अन्सारी निर्दोष आहे, साधा डॉक्टर आहे, आणि एका सत्तेतल्या माणसाविरुद्धचा पुरावा त्याच्यापाशी आहे म्हणून त्याला देशद्रोही ठरवलंय. त्याच्या जिवावर उठलेला माणूस आहे यशवंत आंग्रे, स्वतः कधीकाळचा पोलीस.

मुलगा उठून बसला. चेहरा पडला होता. मला वाटलं हरला म्हणून. तसं नव्हतं. “अब्बू, मी पण त्यालाच धरलं ना,” एवढंच म्हणाला.

मी काही बोललो नाही. पाठीवर हात ठेवला असेन. सिनेमा संपेपर्यंत त्यानं रिमोट बहिणीकडे दिला होता.

नंतर अंथरुणावर पडल्यावर त्यानं विचारलं, असं खरंच होतं का. आता नववीतल्या मुलाला काय सांगावं? खोटं सांगू नये, घाबरवूही नये. मी त्याला ११ जुलै २००६ चं सांगितलं. मुंबईच्या लोकलमध्ये काही मिनिटांत सात स्फोट झाले, संध्याकाळी घरी परतणारी १८० हून अधिक माणसं गेली, त्यात सगळ्या धर्मांची होती. त्या खटल्यात २०१५ साली १२ जणांना शिक्षा झाली, पाच जणांना तर फाशीची. वाहिद शेख नावाचे शिक्षक त्याच वेळी नऊ वर्षांच्या तुरुंगवासानंतर निर्दोष सुटले. आणि २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं त्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. एकजण तोवर तुरुंगातच वारला होता. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथं प्रकरण आहे, सुटलेल्यांना परत आत टाकलेलं नाही. हेही सांगितलं, कारण अर्धं सांगणं बरं नाही. मुलानं एकच विचारलं, “मग खरा कोण?” १९ वर्षांनी त्या मेलेल्या माणसांच्या घरच्यांनाही हाच प्रश्न पडला असेल. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वाहिद शेख यांच्यावर ‘हीमोलिम्फ’ नावाचा सिनेमा निघाला आहे, सुदर्शन गमरे यांचा, २०२२ चा. मोठे नट नाहीत, पैसा कमी पडलाय हे जागोजागी दिसतं, पण मोठ्या मुलांसोबत बघा. हंसल मेहतांचा ‘शाहिद’ तर बघाच. वकील शाहिद आझमी यांना ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्याला त्यांच्या कार्यालयात गोळ्या घातल्या, तेव्हा ते बत्तीस-तेहतीस वर्षांचे होते. राजकुमार रावला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि स्फोटानंतरची मुंबई बघायची तर निशिकांत कामतांचा ‘मुंबई मेरी जान’. त्याला थरारपट म्हणता येणार नाही, पण त्यात के. के. मेनन एका युसूफवर ज्या नजरेनं पाळत ठेवतो, ती नजर आमच्या घरात रिमोट घेऊन बसली होती हे मला आत्ता कळलं. कामत २०२० साली गेले. ‘दृश्यम’ही त्यांचाच. असा माणूस लवकर जायला नको होता.

राहता राहिला ‘स्टोलन’. या महिन्यातला माझा पहिला क्रमांक यालाच. करण तेजपाल दिग्दर्शक, जून २०२५ पासून प्राइमवर आहे, दीड तासाचा. रात्रीचं रेल्वे स्टेशन, फलाटावर झोपलेली गरीब बाई, आणि तिच्या कुशीतलं पाच महिन्यांचं बाळ कुणीतरी उचलून नेतं. शहरातले दोन पैसेवाले भाऊ नेमके तिथं. धाकट्याला मदत करायची आहे, थोरल्याला आपली गाडी काढून निघायचं आहे, पैसे देऊन मोकळं व्हायचं आहे. अभिषेक बॅनर्जीनं केलेला हा थोरला आपल्यापैकी कुणीही असू शकतो. मग कुणीतरी त्यांचा व्हिडिओ काढतं, तो गावोगाव फिरतो, आणि मुलं पळवणारे ते हेच असं ठरून जातं. पुढचं बघताना अम्मीनं तसबीह हातात घेतली.

इथं मुलाचं शास्त्र काहीच कामाचं नाही. नावं कुणाची काय, हे जमाव विचारत नाही.

आपल्याकडे हे घडून गेलेलं आहे. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं राईनपाडा, बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे पाच भिक्षेकरी, नाथपंथी डवरी गोसावी, पिढ्यान्‌पिढ्या गावं फिरून पोट भरणारी माणसं. मोबाईलवर मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा आधीच पोचलेली. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. त्या दिवसांत आमच्या इथल्या ग्रुपवरही तसलेच मेसेज येत होते. मी खोटं बोलणार नाही, एक मेसेज मीही पुढं पाठवला होता, बहिणीला, “पोरांना सांभाळ” असं वर लिहून. काळजीनं पाठवला होता. राईनपाड्यालाही सगळ्यांनी काळजीनंच पाठवला असणार.

आलेल्या बातमीची आधी शहानिशा करा, नाही तर नकळत कुणाचं नुकसान कराल आणि पस्तावाल, हा हुकूम सूरह हुजुरातमध्ये आपण कितीदा वाचलाय. जुम्याच्या बयानात ऐकलाय. मोबाईल हातात आल्यावर तो आठवत नाही.

‘स्टोलन’ दहावीपुढच्या मुलांसोबत बघा. मारहाणीची दृश्यं आहेत, धाकटीला मी मध्येच झोपायला पाठवलं. मुलगा शेवटपर्यंत बसला आणि या वेळी एकदाही “हाच निघणार” म्हणाला नाही.

अम्मीला मात्र शेवटाआधीच डुलकी लागली होती. सकाळी फजरनंतर चहा घेताना तिनं पहिलं काय विचारलं असेल?

“वो बच्ची मिली क्या?”

मी सांगायला लागलो, तर मुलगा आतून ओरडला, “दादी, नको ऐकू! आज रात्री परत लावतो.”