कोयता कोणाच्या हाती?

हत्यारांच्या कायद्याविषयी लिहू लागलो म्हणजे एक जुने शल्य आम्हांस आठवल्यावाचून राहत नाही. १८७८ साली लॉर्ड लिटन यांच्या अमदानीत जो कायदा झाला, त्याने एका सबंध राष्ट्रास निःशस्त्र केले. म्हणूनच १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क नमूद केला. स्वराज्यात १९५९ साली नवा कायदा झाला; त्यात हक्क थोडा व नियमच फार उतरले, अशी कुरकुर कोणी केली तर ती अगदीच गैरवाजवी म्हणता येणार नाही.

परंतु आजचा प्रश्न बंदुकीचा नसून कोयत्याचा आहे. पुण्यासारख्या विद्यानगरीत अलीकडच्या काही वर्षांत मिसरूडही न फुटलेली पोरे कोयते परजीत रस्त्याने फिरली, त्यांनी गाड्या फोडल्या, दुकानदारांस धमकावले. वाढदिवसाचा केक तलवारीने कापण्याच्या मर्दुमकीबद्दल तर ठिकठिकाणी गुन्हे नोंदले गेले आहेत. ज्या हत्याराने बीडकडील मजूर ऊस तोडतो, ज्यावरून राबणाऱ्या नवराबायकोच्या जोडीसच ‘एक कोयता’ म्हणण्याची चाल पडली, त्याचेच नाव गुंडांच्या टोळीस लागावे, ही त्या कष्टाळू लोकांची केवढी विटंबना!

१९५९ च्या कायद्याने केवळ घरगुती अथवा शेतकी उपयोगाकरिता बनविलेल्या वस्तू शस्त्राच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. लाठी व साधी हातकाठी ही उदाहरणे कायद्यानेच दिली आहेत. नियमांच्या अनुसूचीत नऊ इंचांहून लांब वा दोन इंचांहून रुंद पात्याचे सुरे येतात. कामाच्या हत्यारांस तेथेही सूट आहे. शिखांच्या कृपाणास राज्यघटनेच्या २५ व्या कलमाचा आधार आहे. इतके वाचून, नऊ इंचांच्या आत सर्व क्षम्य, अशी पुष्कळांची समजूत होते, व ती त्यांस एखादे दिवशी चौकीत नेऊन बसवील. कारण १९५१ च्या पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमान्वये पोलीस आयुक्तांस व जिल्हा दंडाधिकाऱ्यांस सुरे, लाठ्या, किंबहुना इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू बरोबर बाळगण्यास मनाई करता येते. असा हुकूम जारी असता पाते मोजीत बसण्यात अर्थ नाही.

तेव्हा सुताराने पटाशी, माळ्याने विळा व सह्याद्रीत भटकणाऱ्या तरुणाने आपला चाकू पाते गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवावा. कमरेस लटकावून बाजारातून मिरवू नये. व्यापारी बंधूंस आमचे सांगणे अधिक कडक आहे. ‘शोभेचा माल’ म्हणून जंबिये व गुप्त्या विकणे सोडावे. गुप्ती हातकाठीसारखी दिसली, तरी अनुसूचीत ती तलवारीच्याच पंक्तीस बसते. अनोळखी पोराने एकदम चार कोयते मागितले, तर ते कोणत्या शेतावर चालले आहेत, एवढे विचारण्याने गल्ला बुडत नाही.

आणि पोलिसांनीही धरपकडीचा आकडा फुगविण्याकरिता एसटीच्या फलाटावर गाठोडे घेऊन बसलेल्या मजुरास धरू नये. मनाईहुकुमात कामाकरिता हत्यार नेणाऱ्यास कोणत्या अटींवर मुभा आहे, हे सोप्या मराठीत छापून स्थानकांवर व लोखंडी मालाच्या दुकानांवर लावावे. उसाचा गाळप हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. त्यापूर्वी एवढे काम उरकणे अधिकाऱ्यांस अवघड नाही.