रिपोर्टमधलं एक अक्षर

‘सगळं नॉर्मल आहे, काळजी नको.’ मॅमोग्राफी झाल्यावर बाईला एवढंच सांगतात, आणि तीही सुटले एकदाची म्हणत फाइल कपाटात ठेवते. त्या फाइलीत, इंग्रजी ओळींच्या गर्दीत, बहुतेक वेळा एक अक्षर असतं: ए, बी, सी किंवा डी. ते तिच्याच शरीराबद्दल असतं, पण तिला कोणी वाचून दाखवत नाही. माझं भांडण आहे ते याच्याशी.

हे अक्षर स्तनांची घनता सांगतं. स्तनात चरबी असते, तशा ग्रंथी आणि तंतूही असतात. मॅमोग्राफीत चरबी काळसर दिसते, ग्रंथी-तंतू पांढरे. आणि गाठही पांढरीच! म्हणजे घनता जास्त असेल तर गाठ शोधणं हे दुधात पडलेला तांदळाचा दाणा शोधण्यासारखं. सी आणि डी म्हणजे घनता जास्त. चाळिशीपुढच्या जवळपास निम्म्या बायका या दोन वर्गांत येतात, तेव्हा हा काही आजार नव्हे. पण ए वर्गातल्या बाईच्या तुलनेत डी वर्गातल्या बाईला कर्करोगाचा धोका सुमारे चौपट असतो. म्हणजे धोका जास्त, आणि तपासणीत तो दडून राहण्याची शक्यताही जास्त. स्तन हाताला घट्ट लागतो की मऊ, यावरून घनता कळत नाही. ती मॅमोग्राफीतच दिसते, म्हणून तिथेच सांगायला हवी.

अमेरिकेत नॅन्सी कॅपेलो नावाच्या बाई वर्षानुवर्षं नेमाने मॅमोग्राफी करून घेत होत्या. रिपोर्ट नॉर्मल यायचे. 2004 मध्ये नॉर्मल रिपोर्टनंतर काही आठवड्यांतच त्यांचा कर्करोग सापडला, तोही पुढच्या टप्प्यातला. घनतेबद्दल त्यांना तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. त्या भांडल्या. 2009 मध्ये त्यांच्या कनेटिकट राज्यात घनता कळवण्याचा कायदा झाला, आणि 10 सप्टेंबर 2024 पासून अमेरिकेतल्या प्रत्येक केंद्राला ती बाईला कळवावीच लागते. कॅपेलोबाई 2018 मध्येच गेल्या होत्या.

आपल्याकडे विचारलं की उत्तर तयार असतं, ‘बायका उगाच घाबरतील.’ अहो, ओला कचरा, सुका कचरा, घातक कचरा वेगळा करायला इंदूरच्या घराघरातल्या बायका शिकल्या, त्यांच्या जोरावर शहर देशात पहिलं आलं. त्यांना चार अक्षरं झेपणार नाहीत?

आणि समाजातल्या भगिनींनो, थोडं आपल्यालाही. ‘आपण कांदा-लसूणसुद्धा खात नाही, आपल्याला कशाला होईल?’ आहार शुद्ध असला म्हणून फिल्मवरचा पांढरा रंग काळा होत नाही. ‘कर्माचा उदय, दुसरं काय,’ असं म्हणून गप्प बसणाऱ्यांना विचारते, आपल्या रत्नत्रयात सम्यक ज्ञान कशाला ठेवलंय मग? पुरुषार्थ आपल्याच धर्मात सांगितलाय ना?

नुसत्या यंत्रावर विसंबूही नका. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने 1998 पासून वीस वर्षं दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्यांची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने केली. त्यांच्यात रोग लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या रोगाचे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी घटले. तेव्हा हाताला गाठ लागली, तर रिपोर्ट नॉर्मल असला तरी डॉक्टरांकडे जायचंच.

आपल्या समाजात शिबिरं खूप होतात. मंडप, हारतुरे, दात्यांच्या नावाचा फलक, काही कमी नसतं. स्तनांच्या तपासणीचं शिबिर असेल, तर पुढच्या वेळी फलकाइतकीच मोठी अक्षरं प्रत्येकीच्या फाइलीवर लिहा, हिंदी-मराठीत: ‘तुमची घनता अमुक. सी किंवा डी असल्यास सोनोग्राफीची गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारा.’ याला खर्च पेनातल्या शाईचा. तोही जड वाटत असेल, तर हारतुऱ्यांतला एक हार कमी करा.