फिट येणाऱ्या मुलांच्या तारखा आणि गोळ्या का चुकतात?

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर आणि उपचार मोफत झाले. तरीही अपस्मार (फिट, आकडी, मिरगी) असलेल्या मुलांच्या तपासणीच्या तारखा चुकतात, औषधे मध्येच थांबतात. ‘पालकच निष्काळजी’ असे म्हणणे सोपे आहे. पण खरी कारणे बहुतेक वेळा वेगळी असतात.

केसपेपर मोफत, दिवस महाग

मुलांच्या मेंदूविकारांचे तज्ज्ञ मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत. तिथे जायचे म्हणजे प्रवासभाडे, बुडालेली रोजंदारी आणि मुलाचा शाळेतला खाडा. ऊसतोडीला जाणारे कुटुंब तर कित्येक महिने गावातच नसते. आयुष्मान भारत योजनेचा लाभ प्रामुख्याने रुग्णालयात भरती झाल्यावर मिळतो. रोजच्या गोळ्या बाहेरून घेतल्यास खर्च घरालाच करावा लागतो.

‘आता फिट येत नाही, मग औषध कशाला?’

फिट येत नाही, कारण औषध चालू आहे. सहसा किमान दोन वर्षे फिट आली नाही, तरच डॉक्टर औषध हळूहळू कमी करण्याचा विचार करतात. ते एकदम बंद केले तर लांबलेली, जिवावर बेतणारी फिट येऊ शकते.

तारीख चुकल्याने आणखी एक गोष्ट घडते. मुलांचा डोस वजनावर ठरतो. मूल वाढते, पण औषध जुन्याच चिठ्ठीप्रमाणे चालू राहते. मग तो डोस अपुरा पडू शकतो.

चारचौघांत नको

शाळेत कळेल, मुलीच्या लग्नात अडचण येईल, या भीतीने आजार लपवला जातो. पाहुण्यांसमोर गोळी दिली जात नाही, सहलीला डबी पाठवली जात नाही. खरे तर १९९९ मध्येच अपस्मार हा शब्द हिंदू विवाह कायद्यातून आणि विशेष विवाह कायद्यातून वगळण्यात आला. कायदा बदलला, घरातली भीती मात्र तशीच राहिली.

तुम्ही काय करू शकता?

- घरात किमान आठवडाभराचे औषध शिल्लक असतानाच पुढचे आणा.
- गोळीची वेळ जेवण किंवा दात घासण्याशी जोडा. जबाबदारी एकाची, आठवण दुसऱ्याची.
- सिरप घरातल्या चमच्याने नको, मापाच्या सिरिंजनेच द्या.
- डोस चुकला तर काय करायचे, हे आधीच विचारून लिहून ठेवा. स्वतःहून दुप्पट डोस देऊ नका.
- गावाबाहेर जाणार असाल तर डॉक्टरांना आधी सांगा. जास्त दिवसांचे औषध किंवा जवळच्या रुग्णालयासाठी चिठ्ठी मागा.
- वर्गशिक्षकांना विश्वासात घ्या. फिट आल्यास मुलाला कुशीवर वळवायचे, तोंडात काही घालायचे नाही आणि ती पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर लगेच रुग्णालयात न्यायचे, एवढे त्यांना माहीत हवे.

डॉक्टरांपासून लपवू नका

रागावतील म्हणून ‘गोळ्या रोज देतो’ असे सांगितले, तर औषध कमी पडते आहे असे समजून डॉक्टर डोस वाढवतील किंवा दुसरे औषध जोडतील. त्याचा त्रास मुलालाच होईल. ‘या महिन्यात पाच दिवस चुकले, पैसे नव्हते’ हे वाक्य उपचारासाठी तपासणीच्या रिपोर्टइतकेच महत्त्वाचे आहे. तारीख हुकली असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. जमेल त्या पहिल्या दिवशी या.