नावांची यादी आणि तारखांची यादी

एकट्या राहणाऱ्या वयोवृद्धांची विचारपूस करणे हे आपण सर्वजण कर्तव्य मानतो. समजा, अशदोदपासून दिमोनापर्यंतच्या अशा सर्व वडीलधाऱ्यांची यादी आपण संगणकावर ठेवली आणि प्रत्येक नावापुढे शेवटच्या भेटीची तारीख लिहिली. दिवेकर आजींकडे कधी गेलो, याचे उत्तर तत्काळ मिळेल. परंतु खरा प्रश्न निराळा आहे: सर्वांत जास्त दिवस कोणाकडे कोणीच फिरकलेले नाही?

आपली यादी एका यंत्रावर सहज मावेल. मात्र कोट्यवधी ओळींच्या याद्या अनेक यंत्रांवर विभागाव्या लागतात. गूगलने २००६ साली वर्णन प्रसिद्ध केलेली ‘बिगटेबल’ आणि तिच्या धर्तीवरील ‘एचबेस’ या व्यवस्थांत ओळी किल्लीच्या, म्हणजे येथे आडनावाच्या, वर्णक्रमाने लावलेल्या असतात. आपटेकर ते नागावकर एका यंत्रावर, पेणकर ते रोहेकर दुसऱ्यावर. नाव ठाऊक असेल तर यंत्रही ठाऊक असते. तारखा मात्र सर्वत्र विखुरलेल्या असतात.

क्वचितच विचारायचे असेल, तर प्रत्येक यंत्राने आपल्याकडील सर्वांत जुन्या दहा तारखा पाठवाव्यात आणि त्यांतून अंतिम दहा निवडाव्यात. उत्तर अचूक येते. परंतु त्यासाठी प्रत्येक यंत्राला आपल्या साऱ्या ओळी चाळाव्या लागतात. रोज विचारायचे असेल, तर दुसरी यादी हवी, जिची किल्लीच तारीख असेल. तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने आणि ठरावीक अंकांत लिहावी, कारण तुलना अक्षरागणिक होते आणि ‘१०’ हे ‘९’ च्या आधी येते. शिवाय तारखेस सभासद क्रमांक जोडावा; नाही तर एकाच दिवशी भेटलेल्या दोघांपैकी एकाची नोंद पुसली जाईल.

खरा धोका पुढेच आहे. भेट झाली की दोन्ही याद्या बदलाव्या लागतात आणि त्या वेगवेगळ्या यंत्रांवर असतात. बिगटेबलच्या त्या मूळ रचनेत अखंड व्यवहाराची हमी एका ओळीपुरतीच होती. जुनी नोंद पुसली आणि नवी लिहिण्यापूर्वीच यंत्र बंद पडले, तर त्या आजी तारखांच्या यादीतून नाहीशा होतील आणि कोणाच्या ध्यानीही येणार नाही.

म्हणून क्रम असा असावा: प्रथम तारखांच्या यादीत नवी नोंद, मग मूळ यादीत बदल, शेवटी जुनी नोंद पुसणे. वाचताना प्रत्येक तारीख मूळ यादीशी ताडून पाहावी. मध्येच खंड पडला तरी एखादी नोंद अधिक राहील, कमी होणार नाही. पुढे २०१२ साली वर्णन प्रसिद्ध झालेल्या ‘स्पॅनर’ने अनेक यंत्रांवरील व्यवहारही अखंड केले; परंतु जेथे ती सोय नाही, तेथे हीच शिस्त उपयोगी पडते.

एकाच दारावर दोनदा थाप पडली तर आजी चहा ठेवतील. एकदाही पडली नाही, तर ती चूक कोणत्याही यादीत दिसणार नाही.